ओट्याखालची जागा

आषाढ लागला की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतली घरे सकाळीच रिकामी होतात. राबावर वाढलेली रोपे उपटून खाचरात लावायची असतात आणि लावणी पाऊस म्हणेल तशी चालते. घरातल्या कुणाच्या सोयीसाठी ती थांबत नाही. किन्हवली, डोळखांब, धसई, टोकावडे, कुठल्याही बाजूला जा, हातपाय चालणारी माणसे सकाळीच शेतावर पोहोचलेली असतात. मागे उरतात म्हातारी माणसे आणि लहान पोरे. ज्या घरात सैन्यातून जखमी होऊन परतलेला माणूस आहे, तिथे तोही मागे उरतो आणि संध्याकाळपर्यंत बहुधा एकटाच असतो.

या माणसाला निवृत्तिवेतन मिळते, गावात मान असतो, १५ ऑगस्टला शाळेत बोलावणे येते. पण दुपारी तीन वाजता त्याला कपभर चहा हवा असतो. चाकाची खुर्ची स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी अडते. उंबरा ओलांडलाच तर ओट्यापुढे गुडघे अडतात. शेगडीचे बटण हाताला लागते, पण पातेल्यात काय चालले आहे ते दिसत नाही. मग तो चहा पुढे ढकलतो. रोज थोडे थोडे असे पुढे ढकलत गेले की काही महिन्यांत तो स्वयंपाकघराकडे वळायचाच थांबतो, आणि घरचेही धरून चालतात की त्याला आता काही जमत नाही. न जमण्याचे कारण मात्र अनेकदा त्या माणसाच्या शरीरात नसते. ते गवंड्याने घातलेल्या मापात असते. हे प्रकरण त्या मापाविषयी आहे.

जखमी सैनिकाला पुन्हा उभे करण्याचे काम महाराष्ट्रात शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या शिपायांना हाताला काम मिळावे म्हणून १९१७ मध्ये लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. आज ती पुण्याजवळ खडकीला आहे. दुसरे महायुद्ध चालू असताना १९४४ मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. पाठीचा कणा दुखावून कमरेखाली किंवा मानेखाली लुळे पडलेल्या जवानांसाठी खडकीतच १९७४ मध्ये पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर उभे राहिले. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कायमचे जायबंदी झाले. सैन्यात ते मुष्टियोद्धा होते. पुढे १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. वैयक्तिक ऑलिम्पिक वा पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकणारे ते पहिले भारतीय. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या सगळ्याचा मला मनापासून अभिमान आहे. तरी एक गोष्ट खटकते. आपल्याकडे पुनर्वसन म्हटले की धंदा, नोकरी, खेळ, कृत्रिम पाय एवढेच डोळ्यांपुढे येते. स्वयंपाकघर येत नाही, कारण ते बाईचे खाते आणि सैनिक तर पुरुष. संस्थेत जमीन सपाट असते, दारे रुंद असतात, कुणी ना कुणी हाताशी असते. तिथून सुट्टी घेऊन माणूस शहापूरला आसनगाव स्टेशनवर उतरतो किंवा कल्याणहून एसटीने मुरबाडला येतो, आणि पुढे गाव, अंगण, ओटी, पडवी, उंबरा. संस्थेत मिळवलेले निम्मे स्वावलंबन त्या उंबऱ्यावर राहते.

स्वयंपाकघराचा या दृष्टीने विचार करणारी माणसे जगात होऊन गेली. अमेरिकेत लिलियन गिल्ब्रेथ या अभियंता बाईंनी कारखान्यातल्या कामगारांच्या हालचाली मोजता मोजता घरकामाकडे नजर वळवली. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात हृदयविकार झालेल्या गृहिणींसाठी त्यांनी एक स्वयंपाकघर आखले. कमी पावले, बसून काम, एकत्र लागणाऱ्या वस्तू एकाच हाताच्या टप्प्यात. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये महायुद्धातल्या जखमी वैमानिकांवर काम केलेले डॉ. हॉवर्ड रस्क पुनर्वसनाची संस्था उभारत होते, आणि गिल्ब्रेथ बाईंचे हे काम त्यांच्या संस्थेशी जोडले गेले. कमरेखाली लुळे पडलेल्या सैनिकांना घर बदलून घेण्यासाठी अमेरिकी सरकारने १९४८ पासून अनुदान द्यायला सुरुवात केली.

आपल्याकडे हे शास्त्र आणणारी बाईही अमेरिकेतलीच होती, पण ती इथली होऊन राहिली. एलिझाबेथ लंडी यांनी विष्णू निंबकर यांच्याशी लग्न केले आणि त्या कमला निंबकर झाल्या. फिलाडेल्फियाला जाऊन त्यांनी ऑक्युपेशनल थेरपीचे, म्हणजे व्यवसायोपचाराचे शिक्षण घेतले आणि १९५० मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात त्याची शाळा सुरू केली. देशातली ती पहिली. व्यायाम करून स्नायू बळकट करणे हे फिजिओथेरपीचे काम. त्या स्नायूंनी अंघोळ, कपडे, जेवण, स्वयंपाक कसा करायचा आणि त्यासाठी घर कसे बदलायचे हे व्यवसायोपचाराचे. शहापूरच्या कुणाला हा सल्ला हवा असेल तर तो कसारा लोकलच्या टप्प्यात आहे. फार थोड्या घरांना हे ठाऊक असते.

बसून करायचे काम

आपले जुने स्वयंपाकघर बसून चालणारे होते. चूल जमिनीवर, पाट जमिनीवर, विळी जमिनीवर, परात मांडीशी, मोरी दोन हातांवर. उभ्याचा ओटा गॅस आणि सिमेंटबरोबर आला, आणि आता आदिवासी पाड्यांवरच्या घरकुलांतही तो दिसतो. तेव्हा बसून स्वयंपाक करणे ही अपंगाची तडजोड आहे असे मानायचे काही कारण नाही. कुटुंबाला हे सांगितले की निम्मा संकोच जातो.

मात्र बसणे दोन प्रकारचे. गुडघ्याखाली पाय गेलेला माणूस जमिनीवर मजेत बसतो. १९६८ मध्ये रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेला जयपूर फूट तर अनवाणी चालता यावे, उकिडवे बसता यावे याच हेतूने बनवला गेला. त्याला खालची चूल, खालची विळी चालेल. कणा दुखावलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. खुर्चीतून जमिनीवर उतरणे त्याला एक वेळ जमते, जमिनीवरून खुर्चीत चढणे ही खांद्यांची मोठी कसरत असते. दिवसातून तीनदा ती करायला लावली तर तो चहाचा नाद सोडेल. त्याला काम खुर्चीच्या उंचीवर आणून द्यायला हवे.

आता माप. गावाकडचा ओटा साधारण ३२ ते ३४ इंच उंच असतो. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला ३० ते ३२ इंच सोयीचे. म्हणजे फरक फार नाही. खरी अडचण उंचीची नसून ओट्याखालच्या जागेची आहे. तिथे दगडी आडव्या भिंती, सिलिंडर, पाण्याचे पिंप, तांदळाचा डबा, कांद्याची टोपली ठासून भरलेली असते. खुर्ची समोरून आत जात नाही. माणसाला आडवे थांबून, कंबर पिळून काम करावे लागते आणि कणा दुखावलेल्याला नेमके तेच जमत नाही. ओट्याचा फक्त अडीच-तीन फूट रुंदीचा भाग खालून मोकळा करा. गुडघे जायला जमिनीपासून २७ इंच मोकळी उंची आणि आत दीड-पावणेदोन फूट खोली मिळाली की काम झाले. पूर्ण ओटा फोडण्याची गरज नसते. एक आडवी भिंत काढून लोखंडी कोनाचा आधार देणे हे शहापूर, सरळगाव किंवा मुरबाडच्या बाजारातल्या कुठल्याही वेल्डरच्या हातचे काम आहे.

घरातल्या बाईचे काय, हा प्रश्न लगेच येतो आणि तो रास्त आहे. ओटा तिचाही आहे. पाच फुटांच्या आसपास उंची असलेल्या बाईला ३१-३२ इंचांचा ओटा अजिबात ठेंगणा पडत नाही. उलट भाकरी थापताना, कणीक मळताना तिला तोच बरा वाटेल, कारण या कामांना वरून जोर द्यावा लागतो. दोघांना मिळून एकच ओटा चालतो, ही या सगळ्या मापातली सर्वांत आनंदाची बाब आहे.

खुर्चीला दारात किमान अडीच फूट मोकळी रुंदी हवी, वळायला पाच फुटांचा गोल हवा. जुन्या घरात पाच फूट मिळत नाहीत. तेव्हा आत वळण्याचा हट्ट सोडावा. सरळ आत जावे, काम करावे, सरळ मागे यावे, एवढी वाट मोकळी ठेवावी. उंबरा काढून टाका असा सल्ला काही तज्ज्ञ देतात. मी देणार नाही. त्याची पूजा होते, त्यावर सुनेचे माप ओलांडलेले असते. उंबरा राहू द्यावा आणि दोन्ही बाजूंनी लाकडी उतार टेकवावा. उताराचा नियम एकास बारा: दोन इंच उंबऱ्याला दोन फूट उतार. चार इंच असेल तर चार फूट लागेल, आणि तेवढी जागा नसेल तर मात्र उंबरा थोडा तासण्याविषयी घरच्यांशी बोलावेच लागेल.

कारवीच्या कुडाच्या घरात आणखी एक पेच. धरायला कठडा लावायचा म्हटले तर कुडात खिळा टिकत नाही. कठडा घराच्या मेढीला, म्हणजे लाकडी खांबाला, बांधावा किंवा जमिनीत रोवलेल्या स्वतंत्र पाइपावर उभा करावा. भिंतीला लावलेला आणि अंगाचा भार पडताच निखळणारा कठडा हा कठडा नसण्यापेक्षा वाईट.

विस्तव, गॅस आणि न जाणवणारी त्वचा

कणा दुखावला की इजेच्या खालच्या अंगाला स्पर्श कळत नाही, तसे चटकेही कळत नाहीत. मांडीवर ठेवलेले गरम पातेले कातडी भाजून काढते आणि माणसाला ते वास आल्यावर किंवा रात्री कपडे बदलताना समजते. अशा भाजण्याच्या जखमा फार हळू भरतात. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर इजा असेल तर खालच्या अंगाला झालेल्या न जाणवणाऱ्या इजेनेही रक्तदाब एकाएकी धोकादायक वाढू शकतो. डोके ठणकते, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. घरच्यांनी ही लक्षणे पाठ करून ठेवावीत आणि तसे झाले तर माणसाला ताठ बसवून, कपडे सैल करून, चटका किंवा दुसरे कारण शोधत ताबडतोब दवाखाना गाठावा.

म्हणून पहिला नियम: गरम भांडे मांडीवर येता कामा नये, आणि ते उचलावेही लागू नये. सरकवावे. शेगडी ओट्यावर ठेवली की ती चार इंच उंच होते, त्यावर पातेले सहा इंच. बसलेल्या माणसाला आतले दिसत नाही आणि उतरवताना भांडे छातीच्या उंचीवर येते. शेगडीपुरता ओटा तीन-चार इंच खाली घेतला तर बर्नर आणि ओटा एका पातळीत येतात. पातेले सांडशीने धरून बाजूच्या दगडावर ओढून घेता येते. चहा तिथेच गाळायचा, कपही तिथेच. शेगडीच्या बरोबर खाली मात्र गुडघ्यांची जागा करू नये. उतू गेलेले दूध मांडीवर येईल. मोकळी जागा शेगडीच्या शेजारी, आणि शेगडीपर्यंत हात आडवा.

आता गॅस. चुलीजवळ खाली बसणाऱ्याला वाटते की शेगडीही खालीच ठेवावी, उठाबस वाचेल. हे करू नये. शेगडी नेहमी सिलिंडरपेक्षा उंच हवी. एलपीजी हवेहून जड असतो. गळाला तर वर न जाता जमिनीलगत साचतो, आणि जमिनीवर ठेवलेल्या शेगडीची ज्योत तिथेच असते. १४.२ किलोचा सिलिंडर दोन फुटांच्या आसपास उंच असतो, तेव्हा २८ इंचांवर ठेवलेली शेगडी बसणाऱ्याला सोयीची आणि नियमातही बसणारी. भरलेल्या सिलिंडरचे वजन ३० किलोच्या घरात जाते. तो हलवण्याचे काम या माणसाचे नव्हे. पण रेग्युलेटरचे बटण त्याच्या हाताला पोहोचलेच पाहिजे, कारण दुपारी घरात तोच एकटा आहे. सिलिंडर ओट्याच्या कोपऱ्यात खोल ढकललेला असेल तर आधी तो पुढे आणा. गॅस गळतीसाठी १९०६ हा क्रमांक मोठ्या आकड्यांत भिंतीवर रंगवून ठेवावा.

इंडक्शन शेगडी या माणसांसाठी उत्तम, यात वाद नाही. ज्योत नाही, भांडे उचलले की बंद, वेळ लावता येते. पण दोन गोष्टी आधी बघाव्यात. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटते का ते पाहा. घरातली निम्मी पातेली ॲल्युमिनियमची निघतात आणि ती यावर चालत नाहीत. दुसरे, तिला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि चांगले अर्थिंग हवे, आणि तो पॉइंट शेगडीच्या मागच्या भिंतीवर नको. तापलेल्या भांड्यावरून हात नेऊन बटण बंद करायचे म्हणजे हाताला चटका. पॉइंट ओट्याच्या पुढच्या कडेखाली किंवा बाजूला घ्यावा. पावसाळ्यात वीज जाते, हे इथल्या कुणाला सांगायला नको. त्यामुळे गॅस काढून टाकू नये. इंडक्शन रोजचे, गॅस अडीनडीचा. तांदूळ हे इथले मुख्य अन्न, म्हणून विजेचा राइस कुकर मला सगळ्यांत उपयोगी वाटतो. भात शिजला की तो आपोआप बंद होतो. पातेल्याला झाकण दाबून भात वेळण्याची रीत मात्र या माणसाने सोडावी; दोन्ही हात, तोल आणि उकळते पाणी तिन्ही एका वेळी सांभाळायचे ते काम आहे.

पाणी

भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी पाजणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत, आणि याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. घरात पाणी हंड्या-कळशीने येते आणि पिंपात साठते. शहरी पुस्तके अपंगांच्या स्वयंपाकघराविषयी लिहिताना नळाची कडी लांब करा म्हणतात. इथे नळ नसतो किंवा असला तरी ठरावीक वेळी येतो. वाकून पिंपातून तांब्या भरणे ही खुर्चीतल्या माणसाला पालथे पाडणारी हालचाल आहे. खुर्ची पुढे कलंडते.

उपाय अगदी साधा. तोटीचा वीस लिटरचा डबा किंवा तोटीचा माठ ओट्याच्या टोकाला, अशा उंचीवर ठेवायचा की तोटीखाली पातेले ओट्यावरच राहील. शेतावर जाण्यापूर्वी घरचे कुणीतरी तो भरून ठेवेल. तोटी फिरवायची नको, दाबायची हवी. कमजोर बोटांना मनगटाने दाबता येते. तोटीखालून पातेले भरायचे आणि तसेच शेगडीवर सरकवत न्यायचे. पाणी, शेगडी आणि गाळणी या तिन्हींची एक सलग ओळ झाली की त्या माणसाची दुपार बदलते. सांडलेले पाणी मोरीकडे जावे असा उतार हवा, कारण कुबडीचे रबर ओल्या गुळगुळीत फरशीवर सटकते. चकचकीत टाइल्सपेक्षा खरखरीत शहाबादी बरी. कुबडीची रबरी टोपी झिजली की लगेच बदलावी. ही अगदी स्वस्तातली दुरुस्ती आहे आणि तिच्याअभावी खुब्याचे हाड मोडते.

एका हाताची भाकरी

एक हात गेलेल्या माणसासाठी उंची, उतार यांचा प्रश्न नसतो. त्याचा प्रश्न असा की स्वयंपाकातली बहुतेक कामे एका हाताने करायची असतात आणि दुसऱ्याने नुसते धरून ठेवायचे असते. त्या धरणाऱ्या हाताची जागा कुणीतरी घ्यायला हवी.

विळी घ्या. सुरीने कांदा कापायला दोन हात लागतात, कारण सुरी हलते आणि कांदाही घसरतो. विळीचे पाते स्थिर असते. विळीचा पाट ओट्याला दोन क्लॅम्पनी आवळला की पायाने दाबावीही लागत नाही. बटाट्यासाठी लाकडी फळीतून खालून वर काढलेले दोन गंज न चढणारे खिळे पुरतात. बटाटा त्यावर रोवायचा आणि एका हाताने सोलायचा. सुताराला हे करायला फार वेळ लागत नाही. खिळ्यांवर वापर नसताना बूच बसवावे.

भाकरी जमणार नाही असे सगळे म्हणतात. जमते. परातीखाली ओले फडके चौघडी करून पसरले की परात फिरत नाही. तांदळाची उकड काढताना उकळते पाणी पिठात ओतण्याऐवजी पातेल्यातल्या पाण्यातच पीठ टाकून गॅस बंद करायचा आणि झाकून ठेवायचे, म्हणजे उकळते भांडे कलते करावे लागत नाही. कोमट झालेली उकड तळहाताच्या टाचेने मळता येते. मुख्य अडचण पुढे आहे: थापलेली भाकरी दोन्ही तळव्यांवर उचलून तव्यावर टाकायची असते. इथे पानगीची रीत कामी येते. भाकरी केळीच्या पानावर थापायची, पान एका हाताने उचलून तव्यावर उलटे टाकायचे, आणि जरा वेळाने पान सोलून काढायचे. भाकरी थोडी जाड होते, पण फुटत नाही.

शेगडी मात्र आपोआप पेटणारी घ्यावी. लायटर आणि बटण ही जोडी दोन हातांचीच आहे. एका हाताचा माणूस आधी बटण फिरवून मग लायटर शोधतो आणि तेवढ्यात गॅस पसरतो. कृत्रिम हात असेल तर तो ज्योतीपासून लांब ठेवावा. त्याचा वरचा मोजा वितळतो आणि हाताला उष्णता कळत नसल्याने ते लक्षातही येत नाही. स्टीलच्या डब्यांची दाबून बसणारी झाकणे एका हाताला छळतात. रोज लागणारे चहा, साखर, मीठ, मिसळण सैल झाकणाच्या बरण्यांत काढून ठेवावे.

पाय न लावण्याचा दिवस

सुरुंगावर पाय पडून पाय गमावलेले सैनिक आपल्याकडे बरेच आहेत. कृत्रिम पाय लावून ते उभ्याने स्वयंपाक करू शकतात, म्हणून त्यांच्या स्वयंपाकघरात काही बदलायला नको असे घरच्यांना वाटते. पण श्रावणाच्या दमट हवेत घामाने खुंटाची कातडी सोलवटते, कधी खुंट सुजतो आणि पाय चढत नाही. अशा दिवशी तो माणूस कुबड्यांवर असतो. दोन्ही हात कुबड्यांत अडकलेले, म्हणजे त्याला काहीही वाहून नेता येत नाही. चहा केला तरी तो पडवीत कसा न्यायचा?

त्यासाठी स्वयंपाकघर पाय नसलेल्या दिवसाच्या हिशेबाने मांडावे. ओट्याशी टेकून बसता येईल असे सव्वादोन फुटांचे, रुंद पायांचे स्टूल ठेवावे. जेवण ओट्यालाच व्हावे. चहा थर्मासमध्ये भरून खांद्याच्या पिशवीतून न्यावा. चाकांचा ट्रॉलीवजा पाट खुर्चीवाल्याला उपयोगी, कुबडीवाल्याला धोक्याचा. तो त्यावर भार टाकतो आणि पाट पुढे पळतो.

स्फोटाने किंवा वर्षानुवर्षे तोफांजवळ राहून ज्यांचे कान गेले त्यांना कुकरची शिट्टी आणि गॅसची फुसफुस ऐकू येत नाही. डोक्याला मार लागलेल्यांचा वास घेण्याचा गुण अनेकदा जातो, आणि एलपीजीत मुद्दाम मिसळलेला उग्र वास त्यांच्यापुरता निरुपयोगी ठरतो. या दोघांसाठी गळती ओळखणारा, दिवा लागणारा आणि मोठ्याने वाजणारा गजर घ्यावा आणि तो जमिनीपासून फूटभर उंचीवर लावावा. छताजवळ लावला तर जड गॅस तिथे पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो. काहींना कुकरच्या अचानक शिट्टीने दचकायला होते, जुने प्रसंग उसळून येतात. त्यांची थट्टा करू नये. कुकरऐवजी झाकणाचे पातेले वापरावे.

"अहो, राहू द्या, मी करते"

हे वाक्य प्रेमाने म्हटलेले असते आणि तेच सगळ्यांत अवघड अडथळा ठरते. बाई दिवसभर चिखलात वाकून येते, आणि नवऱ्याने केलेला चहा घ्यायला तिला संकोच वाटतो. सासू म्हणते, घरात बाया असताना फौजीने चुलीपाशी बसायचे का? त्या माणसाने बर्फात, वाळवंटात, बंकरमध्ये स्टोव्हवर स्वतःचे अन्न शिजवलेले असते. त्याला स्वयंपाक नवा नसतो. घरच्यांनी सुरुवातीचे काही दिवस शेजारी बसावे, हात न लावता. काय हाताला लागत नाही, कुठे सांडते, कुठे तो थांबतो ते पाहावे. तोच खरा नकाशा. माप त्या माणसाला खुर्चीत बसवून, त्याचा कोपर आणि गुडघा मोजून घ्यावे. दुसऱ्याच्या घरातले माप उचलून आणू नये.

खर्चाचा विचार आधी करावा, कारण पैसे मिळण्याच्या वाटा आहेत. ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिकांसाठीच्या योजनांची चौकशी करावी. माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनेतून कृत्रिम अवयव आणि चाकाची खुर्ची मिळते. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. त्यानुसार युडीआयडी ओळखपत्र काढून ठेवावे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ग्रामसभेत हा विषय लेखी मांडावा आणि ओट्याची दुरुस्ती, उतार, कठडा अशी नेमकी मागणी करावी. नुसती मदत मागितली तर कधी एखादी वस्तू वाटून विषय संपतो.

आणि एकदा केलेला ओटा कायमचा समजू नये. खुर्ची हातांनी ढकलणाऱ्यांचे खांदे काही वर्षांत झिजतात; चाळिशीत सहज पोहोचणारी फळी साठीला पोहोचत नाही. म्हणून फळ्या भिंतीत पक्क्या करण्याऐवजी भोके पाडलेल्या लोखंडी पट्ट्यांवर बसवाव्यात, म्हणजे स्क्रू काढून त्या दोन-दोन इंच खाली घेता येतील. कामाचा दगडही सिमेंटमध्ये न गाडता कोनांवर बोल्टने ठेवावा. वेल्डरला पहिल्याच दिवशी हे सांगितले तर थोड्या जास्त पैशांत होते. नंतर सांगितले तर पुन्हा तोडफोड करावी लागते.